राष्ट्राध्यक्षपदानंतरचा खासदार: जॉन क्विन्सी ॲडम्स

देशाचं सर्वोच्च पद भूषवलेला माणूस नंतर साधा खासदार म्हणून निवडून येतो आणि मरेपर्यंत तेच काम करतो, यावर तुमचा विश्वास बसेल? अमेरिकेचे सहावे राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी हे केलं.

त्यांचा जन्म १७६७चा, मॅसॅच्युसेट्समधला. वडील जॉन ॲडम्स हे दुसरे राष्ट्राध्यक्ष. दहाव्या वर्षी मुलगा वडिलांबरोबर युरोपला गेला आणि चौदाव्या वर्षी रशियात अमेरिकी दूताचा दुभाषी होता! पुढे परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांनी १८१९मध्ये स्पेनकडून फ्लोरिडा मिळवण्याचा करार केला. राष्ट्राध्यक्षपद मात्र त्यांना लाभलं नाही. १८२४च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन यांना जास्त मतं होती, पण बहुमत कुणालाच नसल्याने निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली आणि तिथे ॲडम्स जिंकले. त्यांना पाठिंबा देणारे हेन्री क्ले लगेच परराष्ट्रमंत्री झाले. साहजिकच ‘सौदेबाजी’चा शिक्का बसला, तो पुसलाच गेला नाही. १८२८मध्ये जॅक्सन यांनी त्यांना हरवलं.

इथेच गोष्ट संपायला हवी होती. पण १८३१मध्ये ॲडम्स प्रतिनिधिगृहात, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहात, सदस्य म्हणून येऊन बसले. गुलामगिरीविरुद्धचे नागरिकांचे अर्ज तेव्हा तिथे ढिगाने येत. १८३६मध्ये सभागृहाने नियमच केला, की असे अर्ज चर्चा न करता बाजूला ठेवायचे. गुलामगिरी तत्काळ बंद करा, असं ॲडम्स तेव्हा म्हणत नव्हते. जनतेचा अर्ज करण्याचा हक्क हिरावता येणार नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता.

त्यांची खोड पाहा. १८३७मध्ये त्यांनी सभापतींना भोळेपणाने विचारलं, ‘माझ्याकडे २२ गुलामांचा म्हणून आलेला अर्ज आहे, तो या नियमात बसतो का?’ दक्षिणेकडचे सदस्य खवळले, निंदेचा ठराव मांडला गेला. भरपूर आरडाओरडा झाल्यावर ॲडम्स यांनी सांगितलं, की या अर्जात गुलामगिरी रद्द करू नका अशी विनंती आहे! ठराव बारगळला. नियम हटवायला मात्र १८४४ उजाडलं.

दरम्यान १८४१मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, ते सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. पळवून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी ‘अमिस्टाड’ हे जहाज ताब्यात घेतलं होतं आणि अमेरिकेत ते पकडले गेले होते. ॲडम्स त्यांच्या बाजूने कित्येक तास बोलले. न्यायालयाने त्यांना मुक्त केलं. (स्पीलबर्ग यांचा १९९७चा चित्रपट याच खटल्यावर आहे, त्यात अँथनी हॉपकिन्स यांनी ॲडम्स साकारले आहेत.)

२१ फेब्रुवारी १८४८ला ते सभागृहातल्या आपल्या जागेवरच कोसळले. त्यांना सभापतींच्या दालनात नेलं आणि दोन दिवसांनी तिथेच त्यांनी प्राण सोडला. त्या वेळी त्या सभागृहात इलिनॉयहून आलेला एक नवखा सदस्य होता, अब्राहम लिंकन.