नागपूरचा फसलेला सौदा

क्रिकेटमधील हारजीत ही दैवाची, हवेची व हिकमतीची असते असे समजून जो गृहस्थ दिवसाचा धंदा बंद ठेवतो व पदरचा पैसा खर्चून मैदानावर जातो, त्यास त्या पैशाच्या मोबदल्यात खरा खेळ मिळतो काय? हा प्रश्न आमच्या देशात ता. ७ एप्रिल २००० पासून उघडपणे विचारला जाऊ लागला. त्या दिवशी दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याजवर सामन्यांचे सौदे केल्याचा आरोप ठेवला. पोलीस निघाले होते खंडणीखोरांच्या मागावर; टेलिफोनवरील बोलणी ऐकता ऐकता हाती लागला तो धर्मशील व सचोटीचा म्हणून गाजलेला खेळाडू! त्याने प्रथम सारे नाकारले. परंतु चारच दिवसांत आपण पूर्ण खरे बोललो नाही असे स्वतःच्या मंडळास कळविले. पुढे जून महिन्यात न्यायमूर्ती किंग यांच्या चौकशी आयोगापुढे सौद्याचा तपशील बाहेर आला.

ह्या प्रकरणाचा जो भाग आमच्याच विदर्भात घडला तो वाचकांनी नीट पाहावा. ता. १९ मार्च २००० रोजी नागपुरास भारताविरुद्ध एक दिवसाचा सामना होता. हर्शेल गिब्ज याने २० धावांच्या आत बाद व्हावे, हेन्री विल्यम्स याने आपल्या गोलंदाजीवर ५० हून अधिक धावा द्याव्यात, व संघाची बेरीज २७० च्या पुढे जाऊ नये, असा बेत होता. दोघांस प्रत्येकी १५ हजार डॉलर देऊ केले होते. प्रत्यक्षात गिब्जने ७४ धावा केल्या, विल्यम्सचा खांदा दुखावून तो दोन षटकेही पुरी करू शकला नाही, आणि संघाने ३२० धावा करून सामना १० धावांनी जिंकला. नागपूरकरांस खरा खेळ पाहावयास मिळाला, तो केवळ योगायोगाने!

सौदा फसला, मग नुकसान कोणाचे झाले, असे कोणी विचारील. कर्णधाराने गाठले कोणास ते पाहावे. वर्णभेदाच्या राजवटीत ज्या समाजास राष्ट्रीय संघाचे दार बंद होते त्या समाजातील हे दोन तरुण. ज्याच्या शब्दावर त्यांची पुढील निवड अवलंबून, त्याच्याच तोंडून हा प्रस्ताव आला. शिवाय टेलिफोनवर क्रोनिएने सट्टेबाजास सांगितलेला आकडा प्रत्येकी २५ हजारांचा होता. मधल्या दहा हजारांचा अर्थ आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. दोघांनी होकार दिला, म्हणून त्यांस सहा महिन्यांची बंदी भोगावी लागली.

ह्याहून आम्हांस अधिक खटकते ती १९९६ ची गोष्ट. त्या डिसेंबरात मुंबईतील एका सामन्यापूर्वी, तो मुद्दाम हरण्याबद्दल सुमारे अडीच लाख डॉलरांचे आमिष क्रोनिएने सबंध संघापुढे ठेवले. काहींनी विरोध केला, प्रस्ताव फेटाळला गेला. परंतु त्याची वर्दी अधिकाऱ्यांस कोणी दिली नाही. त्या दिवशी एकाने तोंड उघडले असते तर नागपूरचा प्रसंगच न येता. आता आंतरराष्ट्रीय मंडळाच्या नियमांनी असे मौन हाही अपराध ठरतो. बांगलादेशाच्या शाकिब अल हसन यास २०१९ मध्ये ह्याच कारणासाठी शिक्षा झाली. नियम योग्यच आहे. मात्र कर्णधाराविरुद्ध बोलणाऱ्या नवख्याची जागा संघात शाबूत राहील, ही हमी त्यास कोण देणार?

सट्ट्याचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमान्वये रद्दबातल आहे. सट्टेबाजाची वही न्यायालयात चालत नाही. त्यामुळे वसुली होते ती गुंडाच्या हातून. पैजेस परवाना द्यावा की नाही ह्याविषयी सुज्ञांत मतभेद आहेत व ते आम्ही समजू शकतो. परंतु खेळ विकणे हा स्वतंत्र गुन्हा व्हावा ह्यात मतभेदास जागा कोठे? दक्षिण आफ्रिकेने २००४ मध्ये व श्रीलंकेने २०१९ मध्ये तसा कायदा केला. आमच्याकडे २०१३ मध्ये आयपीएलचे प्रकरण उद्भवले तेव्हा असे कलमच हाताशी नसल्याने पोलिसांनी टोळ्यांसाठी केलेला मकोका खेळाडूंवर लावला, आणि २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांस आरोपमुक्त केले. विधि आयोगाने २०१८ मध्ये स्वतंत्र गुन्ह्याची शिफारस केली आहे. तिकिटाचे पैसे मोजणाऱ्या प्रत्येकाने आपल्या लोकप्रतिनिधीस तिची आठवण द्यावी.

नागपूरच्या सामन्याचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. क्रोनिए ता. १ जून २००२ रोजी विमान अपघातात मरण पावला. दिल्ली पोलिसांचे आरोपपत्र दाखल झाले ते २०१३ मध्ये. आणि ज्या सट्टेबाजाशी बोलणी झाल्याचा आरोप आहे, त्यास इंग्लंडहून भारतात आणले गेले ते फेब्रुवारी २०२० मध्ये.