डेस्टिनेशन वेडिंगचा विमा: पॉलिसी कोणाच्या नावावर आणि पैसे कोणाला?



मागच्या व्हिडिओत आपण डेस्टिनेशन वेडिंगचं पॅकेज कसं बसवायचं ते पाहिलं. खर्चाच्या तक्त्यात ‘विमा’ अशी एक ओळ होती. त्या एका ओळीवरच सगळ्यात जास्त प्रश्न आले, म्हणून आज फक्त तिच्याबद्दल बोलू.

आपल्या भागात हा धंदा आता चांगला रुजतोय. वाईचा घाट, मेणवली, पाचगणीची हॉटेलं, महाबळेश्वरचे रिसॉर्ट, कास-बामणोलीकडची ठिकाणं. सांगली-मिरजेची माणसं तिकडे लग्न करतात आणि पुण्या-मुंबईची तर करतातच. बरेच जण आधी डेकोरेशन किंवा केटरिंग करत होते आणि आता पूर्ण लग्नच अंगावर घेतायत. पूर्ण लग्न अंगावर घेतलं की जोखीमही अंगावर येते. ती किती येते हे मात्र ॲडव्हान्स परत मागायला कोणी दारात उभं राहिलं की कळतं.

समजा, तुम्ही सांगलीत विश्रामबागला छोटं ऑफिस टाकलंय. महाबळेश्वरचं ४०० पानांचं लग्न घेतलं. जागा ५ लाख, जेवण ३ लाख ६० हजार, चाळीस खोल्या दोन रात्रींसाठी ४ लाख, डेकोरेशन अडीच लाख, बस आणि गाड्या १ लाख १० हजार, फोटो-व्हिडिओ १ लाख, मेकअप-मेंदी आणि किरकोळ ८० हजार. एकूण १८ लाख. वधूपित्याकडून ९ लाख ॲडव्हान्स आला आणि त्यातले ७ लाख तुम्ही रिसॉर्टला, बसवाल्याला, आचाऱ्याला देऊन मोकळे झालात. आता लग्नाच्या चार दिवस आधी लग्न पुढे गेलं. रिसॉर्ट म्हणतो, बुकिंग परत होत नाही. वधूपिता म्हणतो, मी रिसॉर्टला ओळखत नाही, मी पैसे तुम्हाला दिलेत.

अशा वेळी ‘लग्नाचा विमा काढला होता ना?’ असं सगळे विचारतात. पण पॉलिसी कोणाच्या नावावर होती, हे क्वचितच कोणी विचारतं.

लग्नाचा विमा साधारणपणे लग्नघराच्या नावावर निघतो, कारण लग्न रद्द झाल्यावर ज्याचं नुकसान होतं त्यालाच तो विमा काढता येतो. दावा मंजूर झाला तर पैसे त्यांना मिळतात, तुम्हाला नाही. एवढ्यावर भागत नाही. विमा कंपनीने लग्नघराला भरपाई दिली आणि तिच्या मते नुकसान तुमच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल, तर लग्नघराच्या जागी उभं राहून कंपनी तीच रक्कम तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. हा विमा कायद्यातला जुना आणि मान्य नियम आहे. म्हणजे ‘पार्टीने विमा काढलाय, आपण निवांत’ हा हिशेब उलटा पडू शकतो.

त्यामुळे दोन वेगळी छत्र्या लागतात. एक लग्नघरासाठी, लग्न रद्द होण्याची किंवा पुढे जाण्याची. दुसरी तुमच्यासाठी, तुमच्या जबाबदारीची, मालाची आणि माणसांची.

लग्नघराच्या पॉलिसीत काय असतं

आपल्याकडे काही जनरल इन्शुरन्स कंपन्या लग्नासाठी पॉलिसी देतात. नावं वेगळी असली तरी आत बहुतेक चार भाग असतात: लग्न रद्द होणं किंवा पुढे ढकललं जाणं, मांडव-सजावटीसारख्या वस्तूंचं नुकसान, पाहुण्यांना किंवा तिऱ्हाइताला झालेली इजा आणि ठरावीक माणसांचा अपघात विमा. प्रीमियम ठरताना विम्याची रक्कम, जागा, महिना, उघड्यावर की बंद हॉलमध्ये, हे सगळं बघतात. फक्त हिशेबासाठी एक टक्का धरा. १८ लाखांवर १८ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,२४०, म्हणजे २१,२४० रुपये. ४०० पानांवर वाटलं तर एका पानामागे ५३ रुपये. जेवणात एक गोड पदार्थ वाढवायला याहून जास्त जातात, तेव्हा लग्नघराला हा आकडा पानामागेच सांगा, लगेच पटतो.

पण विकत घेताना काय कव्हर आहे यापेक्षा काय कव्हर नाही ते आधी वाचा. नवरा-नवरीचं मन बदललं, सोयरीक मोडली, मानपानावरून भांडण झालं, तर काहीही मिळत नाही. संप, दंगल, दहशतवादी हल्ला बऱ्याच पॉलिसींत वगळलेला असतो. पाहुण्यांचे कपडे आणि लक्ष न ठेवलेले दागिने वगळलेले असतात. जनरेटर बंद पडला, गाडी बंद पडली, हेही सहसा बाहेर. रिसॉर्टला परवानगीच नव्हती आणि प्रशासनाने सील केलं, तर ते तुमचं नशीब. महाबळेश्वर-पाचगणी भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, बांधकामाचे नियम कडक आहेत. म्हणून नवी जागा बुक करताना फोटो बघायच्या आधी परवानगीची कागदं बघा.

आता एक मुद्दा, जो कंपनीच्या माहितीपत्रकात ठळक दिसत नाही पण आपल्या लग्नांत हमखास येतो: सुतक. पॉलिसीत ‘जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू’ असं लिहिलेलं असतं आणि त्याची व्याख्या बहुतेक आई-वडील, भावंडं, फार तर आजी-आजोबा एवढीच असते. आपल्याकडे मात्र चुलत चुलते गेले तरी भावकीला दहा दिवसांचं सुतक येतं आणि मुहूर्त हुकतो. लग्नघराच्या दृष्टीने लग्न थांबणं अटळ आहे, कंपनीच्या दृष्टीने ते स्वतःच्या मर्जीने पुढे ढकलणं आहे. म्हणून एजंटला थेट विचारा: यात कोणकोणती नाती धरली आहेत? यादी लेखी घ्या. घरात कोणी आधीपासून गंभीर आजारी असेल तर ते प्रस्तावाच्या फॉर्मवर सांगून टाका. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी सापडतो आणि मग बाकीची सगळी पॉलिसी चांगली असूनही उपयोग होत नाही.

दुसरं, वेळ. अनेक पॉलिसी पत्रिकेवर छापलेल्या कार्यक्रमाच्या २४ तास आधी सुरू होतात. डेस्टिनेशन वेडिंग तीन दिवसांचं असतं आणि तुमचा टेम्पो मिरजेहून त्याच्याही दोन दिवस आधी निघतो. त्यामुळे हळद, मेंदी, संगीत, लग्न, रिसेप्शन या सगळ्यांच्या तारखा आणि जागा पत्रिकेवर छापून घ्या आणि पॉलिसीतही तशाच लिहून घ्या. हळद पाचगणीला आणि लग्न महाबळेश्वरला असेल तर दोन्ही पत्ते हवेत.

पाऊस आणि पूर

‘पावसाने लग्न बिघडलं तर पैसे मिळतात का?’ हा प्रश्न रोज येतो. नुसता पाऊस पडला, लॉन ओलं झालं, पाहुणे कमी आले, तर साधारणपणे नाही. वादळाने मांडव पाडला, पुराने जागा पाण्याखाली गेली, दरड पडून रस्ता बंद झाला आणि त्यामुळे कार्यक्रम होणंच अशक्य झालं, तर पॉलिसीचे शब्द काय आहेत त्यावर ठरतं. ‘जागेचं नुकसान’ एवढंच लिहिलेलं असेल तर धडधाकट रिसॉर्ट आणि बंद घाट यात काहीही मिळणार नाही. ‘जागेपर्यंत पोचता न येणं’ हे शब्द आहेत का, ते शोधा.

हे नुसतं पुस्तकी नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात २४ तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला आणि आंबेनळी घाट दरडींनी बंद पडला. चातुर्मासात लग्नं नसतात, आपल्याला काय, असं म्हणाल तर ऑफ सीझनची स्वस्त पॅकेजं घेणारी मंडळी वाढतायत हे तुम्हालाही माहीत आहे. आणि मे महिनाही आता पूर्वीसारखा भरवशाचा राहिला नाही. २०२५ साली मान्सून २५ मे रोजीच तळकोकणात उतरला. त्याआधीचा वळीव वेगळाच. मे महिन्यात लॉनवरचं लग्न घेत असाल तर विम्यासोबत त्याच जागेत बंद हॉलचा पर्यायही करारात लिहा. विमा पैसे देतो, मुहूर्त परत देत नाही.

सांगलीकरांना पूर शिकवायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. लक्षात घ्या, पाणी इशारा पातळीकडे चढू लागल्यावर पॉलिसी घ्यायला गेलात तर उशीर झालेला असतो. दिसत असलेल्या संकटाचा विमा कोणी देत नाही. पहिला ॲडव्हान्स ज्या दिवशी जातो, त्याच आठवड्यात पॉलिसी घ्या.

साथीच्या रोगाचंही असंच. २२ एप्रिल २०२१ पासून राज्यात लग्नाला फक्त २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती, मोडलं तर ५० हजार दंड. ऐन सीझन गेला. कोविडनंतर कंपन्यांनी साथ आणि सरकारी बंदी स्पष्ट शब्दांत वगळायला सुरुवात केली. विम्बल्डनच्या टेनिस स्पर्धेकडे साथीचा विमा आधीपासून होता, म्हणून २०२० ची स्पर्धा रद्द झाल्यावर त्यांना भरपाई मिळाली. आपल्या छोट्या पॉलिसीत तो भाग मिळणं अवघड आहे. म्हणून सरकारी बंदी आली तर ॲडव्हान्सचं काय, तारीख बदलून मिळेल की रक्कम कापून परत, हे तुमच्या आणि लग्नघराच्या करारात आणि तुमच्या आणि रिसॉर्टच्या करारात, दोन्हीकडे सारखंच लिहा. एका करारात ‘परत’ आणि दुसऱ्यात ‘परत नाही’ असेल, तर मधला खड्डा तुमच्या खिशातून भरला जातो.

तुमचं स्वतःचं छत्र

मांडवाचा खांब पडून पाहुण्याला लागलं, कमर्शियल सिलिंडरने पेट घेतला, तर लोक तुमच्या नावाने दावा करतील. यासाठी तुमच्या फर्मच्या नावावर सार्वजनिक दायित्व विमा हवा. घेताना नावावरून फसू नका. १९९१ च्या कायद्याखालचा त्याच नावाचा विमा घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे, तो तुमच्या कामाचा नाही. जेवणातून विषबाधा यात आपोआप धरलेली नसते, ती वेगळी जोडून घ्या. फटाके आणि कोल्ड फायर वापरणार असाल तर तेही सांगा.

कामगारांसाठी कर्मचारी भरपाईची पॉलिसी घ्या. मांडव बांधताना माणूस शिडीवरून पडला तर तो रोजंदारीवर होता हे उत्तर चालत नाही. आणि टेम्पोत सामानावर माणसं बसवून पसरणी घाट चढायचा, हे बंदच करा. गाडीची पॉलिसी त्या माणसांना धरत नाही. पाहुण्यांसाठी पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने लावली, तर अपघातात तिथेही कंपनी हात वर करते.

राहिला माल. एलईडी वॉल, साउंड, जनरेटर, कापड मिळून २४ लाखांचा माल आहे आणि प्रीमियम वाचवायला विमा १२ लाखांचा काढला. आगीत ४ लाखांचा माल गेला, तर मिळतील २ लाख, कारण विमा निम्म्याच किमतीचा होता. गोडाऊनमधल्या मालासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ठरावीक अटींची पॉलिसी आहे. एका जागी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला ती चालते, पूर त्यात धरलेला आहे आणि किंमत १५ टक्क्यांपर्यंत कमी लागली असेल तर भरपाईत कापत नाहीत. सांगलीत नदीकाठच्या भागात गोडाऊन असेल तर लग्नाच्या पॉलिसीच्या आधी ही घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. गोडाऊनबाहेर पडलेला माल मात्र यात येत नाही. प्रवासातल्या आणि कार्यक्रमाच्या जागेवरच्या मालासाठी वेगळं कव्हर मागा.

एक सावधगिरी. ‘आमच्या पॅकेजमध्ये विमा फ्री’ अशी जाहिरात करू नका. परवाना नसताना विमा विकता येत नाही आणि त्यावर कमिशनही घेता येत नाही. लग्नघराला एजंटशी जोडून द्या, प्रीमियमचा चेक त्यांच्याच हाताने कंपनीच्या नावावर जाऊ द्या, पॉलिसीची प्रत तुमच्या फाइलला लावा.

काही घडलंच, तर आवराआवर करायच्या आधी फोटो-व्हिडिओ काढा, कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दावा क्रमांक घ्या. पावत्या, बँकेतून केलेले व्यवहार, रिसॉर्टचं ‘बुकिंग परत नाही’ असं लेखी पत्र, पुराच्या किंवा आगीच्या वेळी सरकारी पंचनामा, एवढं लागतं. रोखीत दिलेला ॲडव्हान्स सर्व्हेअरसमोर सिद्ध करणं फार कठीण जातं. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि एकट्याच्या मालकीची फर्म किंवा सूक्ष्म उद्योगही तक्रार करू शकतो.