गाळलेली पानं, जोडलेले प्रसंग

मारिओ पुझोच्या पहिल्या दोन कादंबऱ्यांना समीक्षकांची शाबासकी मिळाली, पैसा मिळाला नाही. कर्ज वाढलेलं, घरात पाच मुलं. आता खपेल अशीच कादंबरी लिहायची, असं ठरवून तो बसला आणि १९६९ साली ‘द गॉडफादर’ बाहेर पडली. फ्रान्सिस फोर्ड कपोलाला ती सुरुवातीला भडक वाटली होती. चित्रपट करायचं नक्की झाल्यावर मात्र त्याने कादंबरीचं एकेक पान सुटं करून जाडजूड वहीत चिकटवलं आणि भोवती टिपणं काढली: या प्रसंगाचा गाभा काय, तो कुठे फसू शकतो. लूसी मॅन्सिनीचं लास व्हेगसमधलं लांबलचक उपकथानक गळालं. गायक जॉनी फाँटेनचा पसारा मोजक्या प्रसंगांपुरता उरला. माफियाप्रमुख विटोचं तारुण्य बाजूला राहिलं आणि १९७४च्या दुसऱ्या भागाचा कणा झालं.

गेल्या पन्नासेक वर्षांतल्या अमेरिकी लोकप्रिय कादंबऱ्या आणि त्यांवरचे चित्रपट शेजारी ठेवले, की मला ही वही फार मोलाची वाटते. ‘पुस्तकात होतं तसं चित्रपटात नाही’ ही आपली नेहमीची तक्रार. पण या कादंबऱ्यांचं बळ कथानकात असतं, भाषा साधी असते. लेखकाच्या वाक्याला धक्का लागेल या भीतीने दिग्दर्शकाचे हात बांधलेले नसतात. मान्यवर साहित्यकृतींच्या वाट्याला न आलेले उत्तम चित्रपट या पुस्तकांना लाभले, ते मला वाटतं यामुळेच.

पीटर बेंचलीच्या ‘जॉज’मध्ये शार्कबरोबरच पोलीसप्रमुखाच्या बायकोचं प्रेमप्रकरण आहे आणि महापौराचे माफियाशी लागेबांधेही आहेत. कादंबरी १९७४ची. पुढच्याच वर्षी आलेल्या चित्रपटात स्पीलबर्गने ही दोन्ही प्रकरणं काढून टाकली. उत्तरार्धात एक बोट, तीन माणसं आणि समुद्र एवढंच उरलं, आणि तेवढं पुरलं.

स्टीफन किंगकडे आलं की थोडं थांबावं लागतं. त्याची ‘द शायनिंग’ १९७७ची, स्टॅनली कुब्रिकचा चित्रपट १९८०चा. कादंबरीतला जॅक टॉरन्स हा दारूशी झगडणारा, मुलावर जीव असलेला बाप आहे. तो हळूहळू ढासळतो म्हणून वाचकाचा जीव तुटतो. चित्रपटातला जॅक पहिल्यापासूनच हातचा गेलेला वाटतो, ही किंगची तक्रार होती आणि ती रास्त होती. पुढे १९९७ साली त्याने स्वतः पटकथा लिहून पुस्तकाशी इमान राखणारी टीव्ही मालिका आणली. आज तिची आठवण फारशी कुणी काढत नाही. कुब्रिकच्या चित्रपटातल्या हॉटेलाचे ते लांबच लांब बोळ, आणि तीनचाकी दामटत त्यांतून फिरणारा मुलगा मात्र एकदा पाहिला की डोक्यातून जात नाही.

किंगच्या बाबतीत माझं सगळ्यात लाडकं उदाहरण फ्रँक डॅराबॉन्टचं. विद्यार्थी आणि नवख्या दिग्दर्शकांना आपल्या कथेवर लघुपट करायला किंग एका डॉलरमध्ये परवानगी देत असे. डॅराबॉन्टने त्याच वाटेने सुरुवात केली आणि १९९४ साली ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ केला. मूळ दीर्घकथा ‘डिफरंट सीझन्स’ या १९८२च्या संग्रहात आहे. तिच्यात ब्रुक्स हा म्हातारा कैदी सुटतो आणि वृद्धाश्रमात मरतो. किंगने ते मोजक्या ओळींत उरकलंय. डॅराबॉन्ट त्याच्या मागोमाग तुरुंगाबाहेर जातो. भरधाव गाड्यांना बिचकणारा, दुकानात पिशव्या भरून देणारा, भाड्याच्या खोलीत एकटा पडलेला ब्रुक्स तो दाखवतो, आणि गळफासापर्यंत आपल्याला नेतो. त्यामुळे पुढे दुसरा कैदी रेड सुटतो आणि त्याच खोलीत येऊन राहतो, तेव्हा तो काय करेल या धास्तीने आपण श्वास रोखतो. कथेचा नायक, कैदी अँडी तुरुंगाच्या कार्यालयाचं दार आतून बंद करून मोझार्टची तबकडी लावतो आणि अख्खं आवार जागच्या जागी थबकतं, हा प्रसंगही कथेत नाही. किंगने सांगितलेली आशा अशी भर घातल्याशिवाय पडद्यावर दिसलीच नसती.

थॉमस हॅरिसच्या ‘द सायलेन्स ऑफ द लँब्स’मध्ये आपण नायिका क्लॅरिसच्या मनात शिरून वाचतो. जोनाथन डेमीने १९९१च्या चित्रपटात त्यासाठी वेगळाच उपाय काढला. समोरचे पुरुष थेट कॅमेऱ्यात बघतात, म्हणजे आपल्याकडेच. क्लॅरिस झालेल्या जोडी फॉस्टरची नजर मात्र किंचित बाजूला असते. सतत कुणीतरी आपल्याला जोखतंय, हे तिचं ओझं एक शब्दही न उच्चारता आपल्या अंगावर येतं.

प्रत्येक बदल असा फळाला येत नाही. क्रायटनच्या ‘जुरासिक पार्क’मधला उद्यानाचा मालक हॅमंड हा पैशाला हपापलेला म्हातारा आहे आणि त्याची त्याला किंमत मोजावी लागते. १९९३च्या चित्रपटात तो प्रेमळ आजोबा होतो, आणि विज्ञानाच्या बाजारीकरणावरचा लेखकाचा राग निम्म्याने ओसरतो. त्याच वर्षीच्या ‘द फर्म’ने ग्रिशमच्या वकील नायकाला पळपुटा न ठेवता स्वच्छ करून टाकलं, मला पुस्तकातली अस्वस्थता जास्त खरी वाटते. मराठी वाचकाला अनुवादांतून घरचा झालेला रॉबिन कुक इथे आठवतो. त्याच्या ‘कोमा’चा १९७८चा चित्रपट दिग्दर्शित केला तो याच क्रायटनने. दोघेही वैद्यकशास्त्र शिकलेले, आणि कादंबरीतल्या रुग्णालयाचा थंडपणा चित्रपटात जसाच्या तसा उतरला आहे.

आता चित्र पालटलंय. मोठ्यांसाठीची, मध्यम खर्चाची, कादंबरीवरची गोष्ट चित्रपटगृहातून उठून मालिकांकडे गेली आहे. शिकागोत सरकारी वकिली केलेल्या स्कॉट टुरोच्या ‘प्रिझ्यूम्ड इनोसन्ट’ (१९८७) या कादंबरीवर अ‍ॅलन पकुलाने १९९० साली दोन तासांचा चित्रपट केला, तर २०२४ साली तिच्यावर आठ भागांची मालिका आली. मालिकेने खुनीच बदलला. या बदलाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ऐसपैस वेळेला. काही गाळायची गरज उरत नाही, तेव्हा काय महत्त्वाचं हे ठरवायचीही घाई उरत नाही. पकुलाकडे ती चैन नव्हती. आरोपी आणि निवेदक एकच असलेली ही कादंबरी त्याने बरीचशी हॅरिसन फोर्डच्या मिटलेल्या चेहऱ्यावर पेलली. ज्यांनी यातलं काहीच वाचलं-पाहिलं नसेल त्यांनी आधी टुरो वाचावा, मग हा चित्रपट पाहावा. मालिका त्यानंतर.