ठमीची पहिली रात्र

दीड वाजून गेला आहे आणि ठमी पुन्हा उठून उभी राहिली आहे. पुढचे पाय ताठ, मागचे फाकलेले, मान खाली. गळ्यातल्या प्लास्टिकच्या कोनाची कड दिवाणाच्या पायाला घासते, खर्र आवाज होतो आणि त्या आवाजाने तीच दचकते. जीभ बाहेर काढून ती धापा टाकते आहे. डिसेंबरातली सांगली, खोलीत चांगलाच गारवा आहे, त्यामुळे ही धाप उकाड्याची नाही.

"नुसती थोपटू नकोस," आई दिवाणावरून म्हणते. "काय होतंय ते बघ आधी."

मी तिचा वरचा ओठ उचलते आणि हिरडी अंगठ्याने दाबते. पांढरी पडलेली जागा बोट काढल्याबरोबर गुलाबी होते, दोन सेकंदही लागत नाहीत. आई टॉर्च धरते, मी थर्मामीटर लावते. 101.4. माणसाला हा ताप झाला असता. कुत्र्याचं अंग 101 ते 102.5 फॅरनहाइट असतंच. पोटावरचे केस काढलेले आहेत, तिथल्या करड्या कातडीवर टाक्यांची रेघ कोरडी आहे. पोट मऊ लागतंय. आत रक्तस्राव होत असेल ही सगळ्यात मोठी भीती तूर्त तरी मागे सरते.

दुपारी तिचं गर्भाशय काढलं. पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू. माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत हे दुखणं डोकं वर काढतं. प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, जंतूंना तिथे आयता आसरा मिळतो आणि त्यांच्या विषामुळे मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही. म्हणून कुत्री भांडीच्या भांडी पाणी पिते. ठमीचं पाणी वाढलं तेव्हाच आईने डॉक्टरांना फोन लावला होता. ही आमच्याकडे आली तीच मोठी होऊन, नसबंदी न झालेली. आधीच्या बिऱ्हाडाने गाव सोडताना तिला फाटकाबाहेर ठेवून दिलं होतं. माणसं असं करू शकतात, याचा मला अजूनही संताप येतो.

निघताना डॉक्टरांनी एक गोष्ट नीट समजावली आहे. भुलीच्या आणि वेदनेच्या औषधांच्या अमलाखाली काही कुत्री पहिल्या रात्री नुसती कण्हत राहतात, समोरचा माणूसही ओळखत नाहीत. अशा वेळी हाक मारून बघायची आणि टाक्यांपासून लांब, खांद्यावर हात ठेवायचा. काहीच दाद दिली नाही, तर बहुधा तो औषधाचा अंमल. अंधार करायचा, आवाज बंद करायचे, जवळ बसायचं. दाद दिली, तर तिला काहीतरी हवंय.

"ठमे."

कोनाच्या आत कान हलतो. ती माझ्याकडे बघते आणि मग दाराकडे.

शू! दुपारभर सलाइन चढलंय, ते जाणार कुठे? आई आधीच उठली आहे. तिची जुनी सुती साडी घडी घालून आम्ही ठमीच्या मांड्यांपुढून, टाक्यांच्या मागे राहील अशी पोटाखालून घेतो. दोन्ही टोकं माझ्या हातात. मी ओझं उचलत नाही, तोल तेवढा सांभाळते. उंबरठ्याशी ती अडते, कोनामुळे तिला कड दिसत नाही. आई कोन जरा वर उचलून धरते. परसात ती बसते ती उठतच नाही, इतका वेळ धार चालते. आई तेवढ्यात टॉर्च मारून रंग बघते. पिवळी आहे, रक्त नाही.

आत आल्यावर धाप कमी झालेली आहे, पण ती आडवी व्हायला तयार नाही. गोल फिरते, गुडघे वाकवते आणि निम्म्यातच थांबते. खाली बसताना पोटाचे स्नायू आवळले जातात, तेच तिला नको आहे. फरशी गुळगुळीत, म्हणून पाय घसरण्याची भीती वेगळीच. आई सतरंजी ओढून आणते, वर गोधडी घालते. मी एक हात तिच्या छातीखाली घालते, दुसरा मागच्या मांड्यांमागे. छातीखालच्या तळव्यावर तिच्या काळजाचे ठोके सरळ लागतात. ती वाकते तसा मी भार घेत जाते, हळूहळू, आणि शेवटची वीतभर ती स्वतःहून अंग सोडते. कोनाची कड मानेत रुततेय, म्हणून मानेखाली टॉवेलची गुंडाळी. कोन काढायचा मोह आईलाही होतोय, मलाही. काढत नाही. चार वेळा जीभ फिरली तरी टाका उसवू शकतो.

अंगावर शाल घालते. गरम पाण्याची पिशवी मात्र अंगाला लावत नाही. गुंगीतल्या कुत्र्याला चटका बसला तरी बाजूला सरकायचं सुचत नाही.

औषधं, त्यांच्या वेळा, बिलाची रक्कम, सगळं कागदावर लिहून मिळतं. रात्र कशी काढायची ते कुणी लिहून देत नाही. ते द्यायला हवं असं मला फार वाटतं, कारण जनावर घरी येतं ते रात्रीच्या तोंडावर आणि दवाखाना तोवर बंद होतो.

साडेतीनला ती परत कण्हते. या वेळी उठत नाही, पण पाठ कमानीसारखी धरलेली आहे आणि टाक्यांकडे वळून वळून बघते.

"दुखतंय गं तिला," आई कासावीस होते. "माझ्या गुडघ्याच्या गोळीतली पाव दिली तर?"

"नको, आई. आपलं आयबुप्रोफेन त्यांच्या पोटात व्रण करतं, मूत्रपिंडं जातात. त्यात तिला दुखण्यावरचं मेलोक्सिकॅम दिलेलं आहे."

मेलोक्सिकॅम दिवसातून एकदाच, पुढचं उद्या संध्याकाळी. त्याच्या जोडीला दिलेल्या गॅबापेन्टिनची वेळ मात्र आत्ताच होते आहे, आठ तास झाले. कॅप्सूल उकडलेल्या अंड्याच्या तुकड्यात दडवून पुढे करते. ठमी हुंगते, तोंड फिरवते. आई तिच्याशी बोलायला लागते: पलीकडच्या मांजरीबद्दल, उद्याच्या भाताबद्दल, काहीबाही. कोनाच्या आत हात घालून कानामागे खाजवते. ठमी अंडं घेते. मी जबड्याखालून घसा चोळते आणि गोळी गेली याची खात्री करून घेते.

पाऊण तासाने श्वास संथ होतात. मी घड्याळ लावून मोजते, मिनिटाला बावीस. झोपेतल्या कुत्र्याचे तीसच्या आत असावेत.

आई वही मागते. शूची वेळ, ताप, गोळीची वेळ, श्वास, सगळं तारीख घालून लिहिते आणि खाली डॉक्टरांना विचारायचे प्रश्न: भात कधी सुरू करायचा, रात्रीची गॅबापेन्टिन किती दिवस, कोन मऊ कापडाचा चालेल का.

"आणि दूधवाल्याला सांग," पेनाचं टोपण लावत ती म्हणते, "बेल वाजवू नकोस म्हणावं. ही भुंकायला उठेल."