सोयाबीनच्या रोपाची पहिली तहान

मृग नक्षत्राची एखादी जोरदार सर कोसळावी, रान ओले दिसावे आणि शेतकऱ्याने तिफण जुंपावी, हे दृश्य माळव्यापासून मराठवाड्यापर्यंत नेहमीचेच. परंतु पुढे पावसाने ओढ दिली म्हणजे सोयाबीनच्या पिकाची खरी कसोटी लागते.

सोयाबीनच्या दाण्याला रुजण्यासाठी आपल्या वजनाच्या सुमारे ५० टक्के पाणी शोषावे लागते. मक्याच्या दाण्याला ३० टक्क्यांच्या आसपास पुरते. कोरड्या मातीतला दाणा काही दिवस तग धरतो. मात्र भिजून मोड आलेल्या दाण्याला माघार नसते. माती वाळली की मोड आतल्या आत करपतो. शिवाय जमिनीचा वरचा थर कडक झाला, तर दोन जाड बीजदले डोक्यावर घेऊन वर येऊ पाहणारा कोंब मोडून पडतो.

उगवून आलेले रोप इतके असहाय नसते. ओल कमी होताच त्यात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचे द्रव्य वाढते आणि पानांवरील सूक्ष्म रंध्रे मिटू लागतात. पाण्याची बचत होते खरी, पण त्याच वाटेने आत येणारा कार्बन डायऑक्साइडही अडतो आणि अन्ननिर्मिती मंदावते. पाने लहान राहतात; मुळे मात्र ओलीच्या शोधात खाली जात राहतात. याच सुमारास मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी धरू लागतात. कार्यक्षम गाठ चिरली असता आत गुलाबी दिसते. पाण्याच्या ताणात गाठी कमी व लहान राहतात आणि रोपाला नत्र अपुरे पडते.

तथापि वेळेवर पाऊस आल्यास असे खुजे रोप बरेचसे सावरते. फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना पडलेला ताण याहून अधिक घातक असतो. जो दाणा रुजण्यापूर्वीच मेला, त्याची जागा मात्र रिकामीच राहते. अशा जागा फार झाल्या की दुबार पेरणी आली. म्हणजे हेक्टरी सुमारे ७५ किलो बियाणे पुन्हा विकत घेणे आले, आणि हंगामाचे गेलेले दिवस तर परत मिळतच नाहीत.

म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नये आणि बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नये, असे कृषितज्ज्ञ सांगतात. वरची माती भिजली म्हणजे जमीन भिजली असे नव्हे. तिफण जुंपण्यापूर्वी मूठभर माती खालून उकरून पाहणे, हाच त्यातला शहाणपणा होय.