माळढोकाचें एकुलतें अंडें

ज्यांचें मूळ गांव सोलापूर जिल्ह्यांत आहे, त्यांनीं घरांतील एखाद्या वृद्ध गृहस्थांना माळढोकाविषयीं अवश्य विचारावें. जवळजवळ एक मीटर उंचीचा, नर असल्यास पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा हा पक्षी ज्वारीच्या रानांतून मान ताठ ठेवून सावकाश चालतांना ज्यांनीं पाहिला, त्यांना तो विसरतां येत नाहीं. आज नान्नजच्या माळावर एखादा दिसला तरी वर्तमानपत्रांत बातमी होते. संबंध देशांत तो दीडशेंच्या आसपासच उरला असून त्यांतील बहुतेक राजस्थानांत आहेत.

ह्या ऱ्हासाचें मूळ पुष्कळ अंशीं त्याच्या घरट्यांत आहे. आणि घरटें म्हणजे तरी काय! उघड्या जमिनींतील एक उथळ खळगा. मादी वर्षाला बहुधा एकच अंडें घालते, तेंहि मुख्यत्वें पावसाळ्याच्या सुमारास. पुढें सुमारें सत्तावीस दिवस ती एकटीच तें उबविते. नर तिकडे फिरकतहि नाहीं. बिचारीला बाळंतपणाला माहेर नाहीं आणि मदतीला जाऊबाई नाहीं! अंडें कुत्र्यानें नेलें अगर गुरांच्या खुराखालीं फुटलें, तर बहुधा तें वर्ष वायांच गेलें. शिवाय मान उंच केल्यावर दूरवरचें दिसेल, अशीच जागा तिला लागते. उंच, दाट पीक तिच्या कामाचें नाहीं.

जुन्या कोरडवाहू शेतीशीं तिचें जमे तें ह्यामुळेंच. रब्बीची ज्वारी पेरावयाची म्हणून पावसाळ्यांत पुष्कळ जमीन मोकळीच असे. लगत गायरान आणि कुसळी गवताचा माळ. अंड्यासाठीं माळ, चरावयास रान. नाकतोडे, भुंगेरे, बोरें, मधूनमधून भुइमुगाच्या शेंगा हा तिचा आहार. कुळवाखालीं कधीं एखादें अंडें सांपडत नसेल असें नाहीं; परंतु बैलांमागून चालणाऱ्या मनुष्याला तें चुकवून जातां तरी येतें. ट्रॅक्टरला तेवढी सवड कोठली?

१९८० सालीं उजनीचें धरण पूर्ण झालें. कालवे आले, विंधनविहिरी झाल्या; मागोमाग ऊंस आणि द्राक्षें. नान्नजचीं द्राक्षें तर नांवाजलेलीं. ‘सोनाका’ ही जात तेथलीच. हा हिरवा मळा आपल्या डोळ्यांस सुखवितो, माळढोकाच्या दृष्टीनें ती भिंतच. माळ नांगरले गेले, औषधांच्या फवाऱ्यांनीं नाकतोडे गेले. वर विजेच्या तारा आल्या. आणि उडतांना समोरचें नीट न दिसणारा हा जड पक्षी त्यांवर आदळून मरूं लागला.

शेतकऱ्याला दोष देणें मात्र मला पटत नाहीं. ज्या जिल्ह्यानें दुष्काळावर दुष्काळ भोगले, त्यानें पाणी आल्यावर ऊंस लावूं नये काय? १९७९ सालीं अभयारण्य जाहीर झालें तें तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचें! नांदतीं गांवें, पिकतीं शेतें, सगळेंच त्यांत आलें. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनें पडलीं, आणि पिकांवरील किडे वेंचणाऱ्या ह्या पक्ष्याचें नांवहि लोकांना नकोसें झालें. पुढें तें क्षेत्र पुष्कळच कमी करण्यांत आलें. मनें इतक्या लवकर निवळत नाहींत.

राजस्थानांत जैसलमेरजवळ २०१९ पासून माळावरील अंडीं उचलून यंत्रांत उबविण्यांत येत आहेत, आणि तीं पिल्लें वाढत आहेत. त्यांतील कांहीं उद्यां आमच्याकडे सोडावयाचीं म्हटलें, तर पावसाळ्याचे तीन-चार महिने माळालगतचीं कांहीं रानें पड ठेवावीं लागतील. आणि त्या पडीचा मोबदला, द्राक्षांएवढा नसला तरी ज्वारीच्या पिकाएवढा, शेतकऱ्याच्या हातीं रोख पडला पाहिजे.