स्कीइंग न करणाऱ्यांचा आल्प्स

‘बर्फ बघायचाय, पण स्कीइंग करायचं नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला जायचंय. मुक्काम कुठे करू?’ असं मला बरेच जण विचारतात. विचारणारं बहुधा एखादं नुकतंच निवृत्त झालेलं जोडपं असतं, नाहीतर आईवडिलांना एकदा तरी युरोप दाखवायचाच म्हणून पैसे साठवणारा मुलगा. प्रश्न चार-पाच दिवसांचाच असतो, पण ते दिवस काही पुन्हा येत नाहीत. म्हणून आज मी एकच भाग घेतो, स्वित्झर्लंडमधलं बर्नीज ओबरलँड, म्हणजे युंगफ्राऊच्या पायथ्याचा मुलूख.

आल्प्समधल्या गावांना दोन हंगाम. उन्हाळ्यातला, तो ऑक्टोबरात संपतो. दुसरा स्कीइंगचा, तो बऱ्याच ठिकाणी डिसेंबरच्या मध्यावर सुरू होतो. मधले पाच-सहा आठवडे ही गावं आवरून बसतात. केबल कारचे दोर आणि यंत्रं तपासायला याच काळात काढतात, हॉटेलांचे कर्मचारी रजेवर जातात, अर्ध्या खानावळींना कुलूप असतं. पावसाळ्यात नेरळहून माथेरानला चढणारी छोटी गाडी बंद असते, तसंच हे. गंमत अशी, की दिवाळीच्या सुट्टीला जोडून निघणारा आपला प्रवासी नेमका याच फटीत जाऊन पोचतो. आणि मग पत्रकातल्या फोटोतली केबल कार खांबावर लटकलेली पाहून परततो.

म्हणून मुक्कामाचं गाव निवडताना मी एक साधी कसोटी लावतो. तिथली गाडी पर्यटकांसाठी धावते की गावकऱ्यांसाठी? गावकऱ्यांची गाडी सहसा बंद राहत नाही. वेंगेन हे १,२७४ मीटरवरचं गाव घ्या. माथेरानसारखंच, मोटारींना बंदी असलेलं. खालच्या लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची गाडी चौदा-पंधरा मिनिटांत वर येते. शाळेची मुलं, दुधाचे कॅन, सामानसुमान सगळं तिच्यातूनच. त्यामुळे ती बारा महिने असते. इंटरलाकेनहून ग्रिंडेलवाल्डला जाणारी गाडीही तशीच, पस्तीसेक मिनिटांची. शिवाय १९१२ सालापासून युंगफ्राऊयोखपर्यंत, म्हणजे ३,४५४ मीटरपर्यंत जाणारी रेल्वे आहे, तीही हिवाळ्यात चालू असते.

दुसरी गोष्ट उन्हाची. हिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. डिसेंबरात भर दुपारी पुण्याला सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. बर्नीज ओबरलँडमध्ये तो जेमतेम २० अंश चढतो. आता ग्रिंडेलवाल्डच्या दक्षिणेला उभा असलेला आयगर पाहा. उंची ३,९६७ मीटर, गाव १,०३४ मीटरवर, आणि दोघांत अंतर पाच-सहा किलोमीटर. गावातून शिखराकडे पाहायला मान पंचवीस अंशांहून जास्त वर करावी लागते. म्हणजे सूर्य त्या डोंगरामागे गेला, की तो पुढे सरकेपर्यंत गाव सावलीत. लाउटरब्रुनेनची दरी तर दोन्ही बाजूंनी उभ्या कड्यांची. तिथे या दिवसांत ऊन पाहुण्यासारखं येतं आणि चहा न घेता जातं. फोटोतला तो सुप्रसिद्ध धबधबा उन्हाळ्यातला असतो, हेही लक्षात ठेवा. वेंगेन मात्र दरीच्या वरच्या पायरीवर, पश्चिमेकडे तोंड करून बसलंय, त्यामुळे तिथे ऊन जास्त वेळ टिकतं. ग्रिंडेलवाल्डलाच राहायचं असेल तर स्टेशनच्या खालच्या अंगाला नको, फर्स्टच्या बाजूच्या वरच्या उतारावर खोली मागा.

तिसरी गोष्ट धुक्याची. थंडीत जड, गार हवा खाली साचते आणि तिच्यावर ढगाचं झाकण बसतं. हे झाकण पुष्कळदा ८०० ते १,००० मीटरच्या आसपास असतं. खाली राखाडी अंधार, आणि त्याच वेळी वर निळंशार आकाश. ल्युसर्न ४३५ मीटरवर, इंटरलाकेन साधारण ५७० मीटरवर. म्हणजे दोन्ही झाकणाखाली सापडू शकतात. ल्युसर्नला उतरलेल्यांना मी म्हणतो, धुकं दिसलं की घाबरू नका, सरळ रिगी गाठा. १८७१ साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे हिवाळ्यातही धावते, आणि १,८०० मीटरच्या माथ्यावरून ढगांचा समुद्र पायाखाली दिसतो. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर वेगळं तिकीटही नको. पिलाटसची दातेरी गाडी मात्र हिवाळ्यात बंद असते, तिथे क्रीन्सहून केबल कारने जावं लागतं.

मग मुक्काम कुठे? डिसेंबरच्या मध्यानंतर जात असाल तर माझं मत डोळे मिटून वेंगेनला. त्याआधी तिथली बरीच हॉटेलं उघडलेली नसतात, तेव्हा ग्रिंडेलवाल्ड. इंटरलाकेन स्वस्त पडतं, गाड्यांचं जंक्शन आहे, खाण्याची सोय चांगली, चौकात हिंदी कानावर पडतं. तिथे २०१६ पासून यश चोप्रांचा पुतळाही आहे. पण सकाळी खिडकी उघडली तर बर्फाऐवजी पाऊस दिसण्याची शक्यता तिथे अधिक, कारण दर हजार मीटरला तापमानात साधारण सहा-साडेसहा अंशांचा फरक पडतो. सोबत वृद्ध असतील आणि डोंगर एखाद्या दिवसापुरताच हवा असेल, तर ल्युसर्न बरं. सपाट रस्ते, पांघरूण घातलेले लाकडी पूल, आणि वर्षाचे ३६५ दिवस उघडं असणारं वाहतूक संग्रहालय.

वर जाण्याचा दिवस घरी बसून ठरवू नका. प्रत्येक शिखरावर कॅमेरे असतात, त्यांची चित्रं फोनवर दिसतात, अनेक हॉटेलांत टीव्हीवरही. नाश्त्याला बसताना ती पाहा. स्वच्छ असेल तर चहा अर्धा टाकून निघा, नसेल तर बर्नला जा. इंटरलाकेनहून तासाभराचा प्रवास आहे, आणि नोव्हेंबरच्या चौथ्या सोमवारी तिथे कांद्यांचा बाजार भरतो. वेण्या घातलेल्या कांद्यांच्या माळा विकतात, लासलगावकराने पाहावा असा! युंगफ्राऊयोखला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच असतो. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं, आणि वर पोचल्यावर फोटोसाठी धावपळ करू नये.

चालायला हिवाळी पायवाटा असतात, बर्फ दाबून केलेल्या, गुलाबी पाट्यांच्या. लांब स्लेजच्या वाटा मात्र पुरेसा बर्फ पडल्यावरच उघडतात, त्या डिसेंबरच्या सुरुवातीला धरून चालू नका. तिथलं रेल्वेचं वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्याच्या सुमारास बदलतं, तेव्हा आधी उतरवून घेतलेल्या वेळा पुन्हा तपासा. आणि बुटांना खाली चढवायचे रबरी, खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते घ्या. संध्याकाळी साडेचारनंतर अंधार होतो, आणि दिवसा वितळलेलं पाणी स्टेशनच्या पायऱ्यांवर काचेसारखं गोठतं.